घरच्या पोकरमध्ये पाळी कोणाची? बेटिंगच्या क्रमाचे नियम आधीच कसे ठरवावेत

घरच्या पोकरमध्ये सगळ्यात जास्त वाद होतात ते "आता बोलायचं कोणी" यावरून. कोणाकडे कुठली पानं होती हे शेवटी उघडच होतं, त्यावर भांडायला फारशी जागा नसते. पण एकाने पाळी नसताना चिप्स पुढे सरकवल्या, ते बघून दुसऱ्याने पानं टाकली आणि ज्याची खरी पाळी होती तो अजून विचारच करतोय, असा गुंता झाला की तो डाव सरळ करणं अवघड असतं.

आपल्याकडे बहुतेक मंडळी तीन पत्तीवरून पोकरकडे येतात. तीन पत्तीत वाटणाऱ्याच्या डावीकडून सुरू झालेली चाल शो होईपर्यंत गोल फिरतच राहते. पोकरच्या टेक्सस होल्डेम प्रकारात मात्र एका डावात बेटिंगच्या चार वेगळ्या फेऱ्या असतात. प्रत्येक फेरी ठरावीक जागी सुरू होते आणि ठरावीक जागी संपते. सुरू कुठे होते हे लोक दोन डावांत शिकतात. संपते कुठे हे खूप खेळलेल्यांचंही चुकतं. त्यामुळे घरचे नियम ठरवताना तीन गोष्टी लेखी हव्यात: फेरी कुठून सुरू होते, कुठे थांबते आणि चूक झाली तर काय करायचं.

पुढे सगळीकडे नो-लिमिट टेक्सस होल्डेम धरलं आहे: प्रत्येकाला दोन पानं, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी पानं, आणि बेटला वरची मर्यादा नाही. चिप्स म्हणजे फक्त गुण. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे आणि पैसे लावून खेळण्याचा प्रश्न त्याच्या कक्षेत जातो, म्हणून इथे पैशांचा हिशेब कुठेही नाही.

१. बसण्याआधीची तयारी

सहा ते आठ जण सगळ्यात सोयीचे. नऊच्या वर गेलात तर दोन गट करा.

बसण्याच्या जागांना क्रमांक द्या. खाली चटईवर गोल करून बसणार असाल तर हे जास्तच गरजेचं आहे, कारण लोक सरकतात, कोणी भिंतीला टेकायला जातं, कोणी पंख्याखाली येतं, आणि अर्ध्या तासात क्रम बदललेला असतो. कागदाच्या चिठ्ठीवर १ ते ८ आकडे लिहून प्रत्येकासमोर ठेवा. जागा बदलायची असेल तर दोन डावांच्या मध्ये, सगळ्यांना सांगून. चटईवर जाड चादर अंथरा, म्हणजे पानं चटकन उचलता येतात आणि चिप्स घरंगळत नाहीत.

चिप्स: आठ जणांना प्रत्येकी १००० गुण द्यायचे तर ५ च्या १५, २५ च्या १३ आणि १०० च्या ६ अशा माणशी ३४ चिप्स पुरतात. आठ जणांच्या मिळून २७२ होतात, म्हणजे ३०० चिप्सच्या संचात काम भागतं. फक्त रंगांची संख्या आधी मोजून घ्या. चिप्स नसतील तर चिंचोके, काडेपेटीच्या काड्या आणि शर्टाची बटणं असे तीन प्रकार घेता येतात. किंमत मात्र कागदावर लिहून मध्ये ठेवा.

पत्त्यांचे वेगळ्या रंगाच्या पाठीचे दोन कॅट असले तर उत्तम. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार राहतो. दोन्हींतले जोकर काढा आणि प्रत्येकी ५२ पानं मोजून घ्या.

शेवटचं काम म्हणजे वाद झाला तर निर्णय कोण देणार ते ठरवणं. एकच व्यक्ती नेमा. ती स्वतः त्या डावात असेल तर निर्णय दुसऱ्याने द्यायचा, तो दुसरा कोण हेही आधीच ठरवा.

*तपासणी: जागांचे क्रमांक, चिप्सची किंमत, निर्णय देणारे दोघे. या तिन्ही गोष्टी ठरल्याशिवाय पहिलं पान वाटू नका.*

२. तीन पत्तीच्या सवयी मोठ्याने बाजूला काढा

नवीन माणसांना पाच मिनिटं देऊन या चार गोष्टी सांगाच. निम्म्या चुका इथेच थांबतात.

- ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं, असा अर्थ इथे नाही. दोन ठरावीक जागांवरच्या खेळाडूंनी पानं येण्याआधीच भरायची ती सक्तीची रक्कम. पानं बघितली म्हणून दुप्पट भरावं लागत नाही.
- सगळ्यांनी बूट भरायचा नसतो. दोघांनीच भरायचं, आणि ते दोघे दर डावाला बदलतात.
- समोर बेट नसेल तर काहीही न भरता चेक म्हणता येतं. तीन पत्तीत प्रत्येक वेळी भरावं किंवा पॅक व्हावं लागतं, म्हणून नवखे खेळाडू चेक करायची पाळी असताना उगाच पानं टाकतात.
- पैसे भरून शो मागता येत नाही. साइड शो तर नाहीच.

आणखी एक सवय हाताची आहे. तीन पत्तीत चिप्स थेट मधल्या ढिगात टाकतात. पोकरमध्ये फेरी संपेपर्यंत प्रत्येकाने आपल्या चिप्स आपल्याच समोर, पण बाकीच्या साठ्यापासून वेगळ्या ठेवायच्या. फेरी संपली की सगळ्या एकदम मध्ये ओढायच्या. कोणी किती भरलं आणि कोणाचं बाकी आहे हे नजरेला दिसलं, तर पाळीवरून वाद होतच नाही. या लेखातला एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा.

३. बटण आणि दोन ब्लाइंड

बटण म्हणजे डावातला क्रम जिथून मोजायचा त्या जागेची खूण. पहिलं बटण कोणाकडे, हे प्रत्येकाला एक पान उघडं वाटून ठरवा. सगळ्यात मोठं पान ज्याचं, त्याच्याकडे बटण. दोघांना एकाच किमतीचं पान आलं तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमाने मोठं. पानांच्या जातीला मान फक्त असल्या चिठ्ठ्या टाकण्यापुरता. डावात हात बरोबरीत सुटला तर जातीवरून कोणी जिंकत नाही.

बटण म्हणून कॅरमची राणी चालेल. वाटणारा कोणीही असो, क्रम बटणावरूनच मोजायचा.

बटणाच्या लगेच डावीकडचा स्मॉल ब्लाइंड भरतो, त्याच्या डावीकडचा बिग ब्लाइंड. १००० गुणांनी सुरुवात केली असेल तर ५ आणि १० ठेवा. पानंही बटणाच्या डावीकडून, घड्याळाच्या दिशेने, एकेक करून दोन वेळा वाटायची. डाव संपला की बटण एक जागा डावीकडे.

*इशारा: दोन्ही ब्लाइंड समोर दिसल्याशिवाय वाटणाऱ्याने पान वाटू नये. "नंतर टाकतो" चालवून घेतलंत की पहिल्याच फेरीचा हिशेब चुकतो.*

४. पहिली फेरी: सुरुवात बिग ब्लाइंडच्या डावीकडून

दोन्ही ब्लाइंडवाले आधीच भरून बसलेले असतात, म्हणून पहिलं बोलतो तो बिग ब्लाइंडच्या डावीकडचा. त्याला फोल्ड (पानं टाकणं), कॉल (समोरच्या बेटएवढं भरणं) किंवा रेज (बेट वाढवणं) करता येतं. चेक करता येत नाही, कारण समोर १० ची बेट उभी आहे. तिथून गोल फिरत पाळी बटणाकडे, मग स्मॉल ब्लाइंडकडे आणि शेवटी बिग ब्लाइंडकडे येते.

इथे हमखास होणारी चूक अशी: सगळ्यांनी नुसता कॉल केला की वाटणारा लगेच फ्लॉप, म्हणजे मधली पहिली तीन पानं, उघडतो. पण बिग ब्लाइंडवाला अजून एकदाही बोललेला नाही. त्याने भरलेले १० सक्तीचे होते, ती त्याची पाळी नव्हती. त्याला चेक म्हणण्याचा किंवा रेज करण्याचा हक्क आहे. म्हणून वाटणाऱ्याने दर वेळी विचारावं, "बिग ब्लाइंड, चेक की रेज?"

स्ट्रॅडल, म्हणजे बिग ब्लाइंडच्या डावीकडच्याने पानं येण्याआधी स्वखुशीने दुप्पट भरून पहिल्या फेरीत शेवटी बोलण्याचा हक्क घेणं, नव्या गटात ठेवूच नका. क्रम अंगवळणी पडायच्या आधी तो बदलणारा नियम आणला तर सगळेच गोंधळतात.

५. फेरी संपली हे कसं ओळखायचं

फेरी संपायला दोन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. एक, खेळात उरलेल्या प्रत्येकाला निदान एकदा बोलायला मिळालं आहे. दोन, उरलेल्या सगळ्यांसमोर सारख्या चिप्स आहेत (ऑल-इन झालेला, म्हणजे सगळ्या चिप्स लावून बसलेला, सोडून). एक जरी अपुरी असेल तरी फेरी चालू.

सहा जणांचा एक डाव बघा. बटण १ कडे, स्मॉल ब्लाइंड २ (५ भरले), बिग ब्लाइंड ३ (१० भरले).

- ४: फोल्ड.
- ५: कॉल, १० भरले.
- ६: रेज, एकूण ३०.
- १: कॉल, ३०.
- २: फोल्ड. त्याचे ५ परत मिळत नाहीत.
- ३: कॉल. आधीचे १० आहेत, म्हणून आणखी २०.
- ५: पाळी परत याच्याकडे, कारण याच्यासमोर १० च आहेत. हा आणखी २० भरून कॉल करतो.

आता ६, १, ३ आणि ५ या चौघांसमोर प्रत्येकी ३०. सगळे बोलून झाले. फेरी इथे संपली. मध्ये १२० अधिक २ चे ५, असे १२५ जमा.

६ म्हणेल, "आता माझी पाळी, मी पुन्हा वाढवतो." नाही. रेज करणाऱ्याच्या रेजला फक्त कॉल आले असतील तर त्याच फेरीत त्याला दुसऱ्यांदा बोलता येत नाही. तीन पत्तीची सवय असलेल्याला हे सगळ्यात जड जातं. त्याची पाळी परत यायला मध्ये दुसऱ्या कोणीतरी पुन्हा रेज करावी लागते. म्हणजे फेरी संपते ती शेवटच्या रेज करणाऱ्याच्या उजवीकडे बसलेल्या, खेळात असलेल्या माणसापाशी. वाटणाऱ्याने नजर तिथेच ठेवावी.

*तपासणी: पुढचं पान उघडण्याआधी वाटणारा म्हणतो, "सगळे ३० वर, फेरी संपली." क्षणभर थांबतो. कोणी हरकत घेतली नाही तरच चिप्स मध्ये.*

६. फ्लॉपपासून पुढे: सुरुवात बदलते

फ्लॉप, टर्न (मधलं चौथं पान) आणि रिव्हर (पाचवं पान) या तिन्ही फेऱ्यांत सुरुवात बटणाच्या डावीकडच्या, खेळात असलेल्या पहिल्या माणसापासून होते. बटण शेवटी. वरच्या डावात २ ने पानं टाकलीत, म्हणून पहिला बोलेल ३, मग ५, मग ६ आणि शेवटी १.

मागच्या फेरीत रेज कोणी केली याचा इथे काही संबंध नाही. बरेच जण "ज्याने वाढवलं त्याने सुरू करायचं" असं खेळतात. त्याने बटणाच्या जागेचा फायदाच निघून जातो. हा घरचा नियम कोणी सुचवला तर घेऊ नका.

प्रत्येक फेरीआधी वरचं एक पान पालथंच बाजूला काढायचं. वरच्या पानाला खूण असेल किंवा ते कोणाला दिसलं असेल तर त्याचा फायदा होऊ नये, एवढ्यासाठी. फ्लॉपला तीन पानं, टर्नला एक, रिव्हरला एक.

७. किती वाढवायचं, आणि कसं

क्रम बिघडण्याचं एक मोठं कारण अर्धवट रेज हे असतं. म्हणून रकमेचेही नियम हवेत.

रेज निदान आधीच्या वाढीएवढी हवी. बिग ब्लाइंड १०, कोणी एकूण ३० केले, म्हणजे वाढ २०. पुढची रेज निदान ५० पर्यंत. फ्लॉपला कोणी ६० ची बेट लावली तर रेज निदान १२०.

चिप्स एकाच हालचालीत पुढे. "तुमचे ५०... आणि त्यावर आणखी १००" हे सिनेमात छान दिसतं, घरी तो फक्त ५० चा कॉल धरायचा. आधी "रेज" म्हणालात तर मग रक्कम सावकाश मोजायला हरकत नाही. पाळी असताना तोंडाने म्हटलेलं बंधनकारक, हाताने केलेलं त्यानंतर. १० भरायचे असताना न बोलता १०० ची एकच चिप टाकली तर तो कॉल, ९० परत.

ऑल-इनची खोच नीट समजून घ्या. अ ने १०० ची बेट लावली, ब ने कॉल केला, क कडे १५० च उरलेत आणि तो ऑल-इन झाला. वाढ ५० ची, म्हणजे पूर्ण रेजपेक्षा कमी. ड अजून बोललेला नाही, त्याला सगळे पर्याय खुले. ड ने नुसता कॉल केला किंवा पानं टाकली तर अ आणि ब ला आणखी ५० भरता येतील किंवा पानं टाकता येतील, पण रेज करता येणार नाही. अपुऱ्या ऑल-इनने बोलून झालेल्यांना वाढवायचा हक्क परत मिळत नाही.

कमी चिप्सवाला ऑल-इन असेल तर ढीग वेगळे करा, आणि त्याच फेरीत करा. १५०, ४०० आणि ४०० भरलेत: पहिल्या ढिगात तिघांचे १५० प्रमाणे ४५०, दुसऱ्यात उरलेल्या दोघांचे २५० प्रमाणे ५००. दुसऱ्या ढिगावर पहिल्याचा हक्क नाही. पुढच्या फेऱ्यांत बोलतील ते फक्त दोघे.

८. पाळी सोडून कोणी बोललं तर

हे चार नियम जसेच्या तसे लिहून ठेवता येतील.

1. पाळी आधी ज्याची होती त्याच्याकडे परत जाते. मध्ये कोणीही आणखी काही करायचं नाही.
2. मधल्या माणसाने रक्कम बदलली नाही (चेक, कॉल किंवा फोल्ड), तर आधी बोललेल्याचं बोलणं कायम. ४ ची पाळी असताना ५ "कॉल" म्हणाला आणि ४ ने कॉल केला, तर ५ चा कॉल बांधील.
3. मधल्याने बेट किंवा रेज केली तर ५ मोकळा. चिप्स परत घेऊन त्याने नव्याने ठरवावं.
4. पाळी नसताना टाकलेली पानं परत मिळत नाहीत.

ज्याला ओलांडून पुढे गेले त्याचीही जबाबदारी आहे: त्याने लगेच "थांबा" म्हणायचं. त्याच्या पुढे दोघे बोलून गेले आणि त्यात एकाने चिप्स भरल्या, किंवा तिघे बोलून गेले, तर मागे जायचं नाही. स्पर्धांमध्ये अशा वेळी हात बाद होऊ शकतो. घरी मात्र त्याला कॉल किंवा फोल्ड करू द्यावा, रेज नको. पाहुण्याचा हात बाद केला की खेळाचा रंगच जातो, आणि रेज काढून घेतली तरी मुद्दाम गप्प बसण्यात फायदा उरत नाही.

*इशारा: तीच व्यक्ती वारंवार पाळी सोडून बोलत असेल तर पहिल्यांदा समज द्या, दुसऱ्यांदा तिचं बोलणं बांधील धरा. नेमकी कुठली शिक्षा हे खेळाआधीच ठरलेलं हवं.*

९. पान लवकर उघडलं तर

फेरी संपायच्या आत फ्लॉप उघडला: आधी बेटिंग पूर्ण करा. मग ती तीन पानं उरलेल्या कॅटमध्ये मिसळून पिसा, काटा आणि नवा फ्लॉप उघडा. आधी बाजूला काढलेलं पान तसंच राहू द्या, दुसरं काढू नका.

टर्न लवकर उघडला: ते पान बाजूला ठेवा, बेटिंग पूर्ण करा. एक पान पालथं काढून पुढचं पान टर्न म्हणून उघडा, म्हणजे जे एरवी रिव्हरला आलं असतं ते. ती फेरी संपली की बाजूला ठेवलेलं पान कॅटमध्ये घालून पिसा आणि रिव्हर उघडा. या वेळी पालथं पान काढायचं नाही.

"राहू दे, सगळ्यांना चालतंय" असं म्हणून लवकर उघडलेलं पान ठेवू नका. ज्याला ते पान लागलं, त्याला ते चालणारच.

१०. माणसं कमी-जास्त झाली तर

दोघेच उरले की क्रम उलटतो. बटणवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो, पहिल्या फेरीत आधी बोलतो आणि फ्लॉपपासून पुढे नंतर बोलतो. तिघांवरून दोघांवर येताना बटण अशा जागी ठेवा, की कोणालाच सलग दोन डाव बिग ब्लाइंड भरावा लागणार नाही.

मध्येच कोणी खेळ सोडला तर बिग ब्लाइंड न चुकता एकेक माणूस पुढे न्या. बटण रिकाम्या जागेवर आलं तरी चालेल. समजा बटण १, स्मॉल २, बिग ३ असताना डावानंतर ३ उठून गेला. पुढच्या डावात बिग ब्लाइंड ४, स्मॉल ब्लाइंड कोणीच नाही, बटण २. त्याच्या पुढच्या डावात बटण ३ च्या रिकाम्या जागेवर, स्मॉल ४, बिग ५, आणि फ्लॉपनंतर शेवटी बोलेल तो २. वाटायचंही त्यानेच.

उशिरा आलेल्याला बिग ब्लाइंड त्याच्यापर्यंत येईतो थांबू द्या, किंवा बिग ब्लाइंडएवढी रक्कम भरून लगेच घ्या. बटणाच्या किंवा स्मॉल ब्लाइंडच्या जागी मात्र नव्याने कोणाला घेऊ नका. फोनवर बोलायला बाहेर गेलेल्याचे ब्लाइंड चुकले असतील तर परत आल्यावर त्यालाही हाच नियम.

११. पानं दाखवण्याचा क्रम

रिव्हरच्या फेरीत शेवटची बेट किंवा रेज ज्याने केली त्याने आधी दाखवायचं. कोणीच बेट केली नसेल तर बटणाच्या डावीकडून. बाकीच्यांनी हरलेलं दिसत असेल तर पानं न दाखवता टाकावीत. ढीग वाटून घेताना एक चिप उरली तर ती बटणाच्या डावीकडून पहिल्या विजेत्याला.

१२. भिंतीवर लावायचा कागद

एवढं सगळं कोणी वाचत बसणार नाही. आठ ओळींचा कागद मोठ्या अक्षरात लिहून सगळ्यांना दिसेल असा लावा. नियम बदलायचा असेल तर चालू बैठकीत नाही, पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला, सगळ्यांच्या समोर.

- ब्लाइंड ५ आणि १०. स्ट्रॅडल नाही.
- पहिली फेरी बिग ब्लाइंडच्या डावीकडून. बिग ब्लाइंड शेवटी बोलतो.
- पुढच्या फेऱ्या बटणाच्या डावीकडून. बटण शेवटी.
- फेरी संपेपर्यंत चिप्स आपल्यासमोर.
- सगळे बोलले आणि सगळ्यांचे सारखे झाले, की फेरी संपली.
- रेज आधीच्या वाढीएवढी तरी हवी. चिप्स एकाच हालचालीत.
- पाळी सोडून बोललात आणि रक्कम बदलली नाही, तर बोललेलं कायम. टाकलेली पानं परत नाहीत.
- वाद झाला तर निर्णय: ______. ती व्यक्ती डावात असेल तर: ______.